टोपणमामा

पोळ्याचा पाडवा, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. मारेगाव, आईबाबांचं घर, सकाळची वेळ.

हजर: आई, बाबा, मामा, मामी, माझा धाकटा भाऊ सुनील, त्याची बायको वर्षा, त्यांची दोन मुलं, मुलांचे दोन लाकडी बैल, आमचे हे आणि मी. गैरहजर: कोणी नाही.

शेवटचं वाक्य मुद्दाम लिहिलं आहे. आम्ही सगळे एका वेळी एका जागी होतो, याचा पुरावा देणारा एकही फोटो त्या दिवसापर्यंत आमच्या घरात नव्हता. फोटो खंडीभर आहेत. पण फोटो काढणारा सोडला तरी प्रत्येकात एक माणूस कमी, आणि तो माणूस म्हणजे आई. फार तर तिच्या पदराचं टोक दिसतं, किंवा स्वयंपाकघराकडे वळलेली पाठ. याला कारणीभूत माणूस एकच, माझा मामा. त्याचं खरं नाव आता मामीसुद्धा फक्त बँकेत उच्चारते. बाकी मारेगावपासून वणीपर्यंत तो टोपणमामा.

आमच्या घरातला कुठलाही जुना अल्बम उघडा. त्यात सगळ्यांची तोंडं गोल असतात. बारशात गोल, मुंजीत गोल, सुनीलच्या पदवीच्या फोटोत तर झगा, टोपी आणि त्याखाली गोल तोंड. वर्षा नवीन लग्न होऊन आली तेव्हा तिनं दोन अल्बम शांतपणे पाहिले आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, हे सगळे कायले भेले होते?" मी तिला सांगितलं की कोणी भ्यालेलं नाही, सगळे 'टोपण' म्हणून ओरडत आहेत. ते का ओरडतात हे सांगायचं तर कॅमेऱ्यापासून सुरुवात करावी लागते.

कॅमेरा जपानी. पंज्यात मावेल एवढा, पण हातात घेतला की वरवंटा उचलल्यासारखं वाटतं. वरचा भाग चांदीच्या रंगाचा, अंगाला काळं खरबरीत कातडं, आणि वर टिचबटणाची तपकिरी चामडी पिशवी. मामा तेव्हा नुकताच वणीकडच्या कोळसा खाणीत मोजणीच्या साखळ्या ओढायला लागला होता. तिथल्या एका साहेबांची बदली झाली आणि जाताना त्यांनी मामाच्या रेडिओच्या बदल्यात हा कॅमेरा त्याला दिला. आजोबांच्या मते साहेब हुशार होते, कारण रेडिओ लगेच वाजायचा.

या जातीच्या कॅमेऱ्याला रेंजफाइंडर म्हणतात. त्यात भिंग एका जागी असतं आणि बघायची खिडकी दुसऱ्या जागी, वरच्या कोपऱ्यात. म्हणजे भिंगावरचं टोपण तसंच राहिलं, तरी खिडकीतून सगळं लख्ख दिसतं. नवरी दिसते, नवरा दिसतो, रुसलेला मावसा दिसतो. माणूस खुशाल फोटो काढत सुटतो.

मामा आईबाबांच्या लग्नात असाच सुटला होता. आजोबांनी वणीचा एक स्टुडिओवाला ठरवला होता. तो पेटी घेऊन मांडवाच्या दाराशी आला आणि मामानं त्याला चहा पाजून तिथूनच परत लावलं. घरचा माणूस असताना बाहेरचा कायले, असं म्हणाला. मग दिवसभर त्यानं मांडवाच्या बल्लीवर चढून, सतरंजीवर पालथं पडून, जेवणाच्या पंगतीत वाढप्यांच्या पायांमधून फोटो काढले. कॅमेऱ्याच्या कामात टोपण हमखास हरवतं असं साहेबांनी बजावलं होतं. ते हरवलं नाही याचा मामाला दिवसभर फार अभिमान वाटत होता.

रोल धुवायला चंद्रपूरला गेला. तिथल्या स्टुडिओवाल्यानं पट्टी उजेडाला धरली आणि मामाला म्हणाला, "भाऊ, याच्यात लगन काई दिसत नाई. समोरचा रस्ता दिसून राह्यला." पट्टी काचेसारखी कोरी होती. टोपण का हरवलं नाही, हे मामाच्या डोक्यात परतीच्या बसमध्ये शिरलं, आणि तो वणीला न उतरता तसाच पुढच्या गावाला निघून गेला.

आई ओरडली नाही. तिनं बाबांना एवढंच सांगितलं की, आपलं लग्न झालंच नाही असं समजा. यावर बाबांनी विचारलं, "मंग मी इतके दिवस कोनाकडे जेवून राह्यलो?" त्याच दिवशी आईनं जाहीर केलं की, त्या डब्यासमोर ती उभी राहणार नाही. बाकी फोटोंना तिची ना नव्हती. तिचा आधार कार्डावर फोटो आहे, मोबाईलमध्ये आहे, महिला मंडळाच्या भिंतीवर हार घातलेल्या पाहुण्यांच्या शेजारी आहे. नाही फक्त त्या डब्यात.

मामानं स्वतःला शिक्षा लावून घेतली. यापुढे त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला की समोरच्या सगळ्यांनी मोठ्यानं 'टोपण' म्हणायचं, त्यानं 'काढलं' म्हणायचं, आणि मगच बटण दाबायचं. हा नियम पाहुण्यांना, भटजींना आणि एकदा तपासणीला आलेल्या एका साहेबांनाही लागू झाला. मात्र अडचण अशी की, या कॅमेऱ्याचा आवाज फार बारीक. नख वाजल्याएवढा. फोटो निघाला की नाही हे कोणालाच कळत नाही. त्यामुळे माणसं गोल तोंड करून उभीच राहायची, आणि मामाला शेवटी हात हलवून सांगावं लागायचं, "झाला बापा, मिटा तोंडं."

त्या खिडकीत मधोमध एक पिवळसर चौकोन असतो. त्यात समोरचा माणूस दोन-दोन दिसतो. भिंगाभोवतीचं कडं फिरवत गेलं की ते दोघं सरकत सरकत एकमेकांवर येतात. पुरते एक झाले की फोटो स्पष्ट येणार. मामाचं सगळं आयुष्य हे दोनाचं एक करण्यात गेलं. "हालू नोको, तू दोन होऊन राह्यली," हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलं आहे की, आपल्यात काहीतरी बिघाड आहे असं मला बरेच दिवस वाटायचं. पोळ्याला सजवलेल्या बैलाचा फोटो काढायचा तर बैल काही 'दोन होऊ नको' ऐकत नसे. मग बैल पुढे, मामा कडं फिरवत शेजारी, असे दोघं तोरणाखालून जोडीनं पार व्हायचे.

शिवाय भिंग कायमचं बसवलेलं. दूरचं जवळ आणायची सोय नाही. सगळे चौकटीत मावायला हवे असतील तर मामानंच मागे जायचं. कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला गेलो होतो, तेव्हा तो डोळा खिडकीला लावून एक एक पाऊल मागे सरकत गेला आणि फुलवाल्या बाईच्या झेंडूच्या टोपलीत बसला. बसल्या बसल्या त्यानं विचारलं, "टोपण?" आम्ही ओरडलो. त्यानं फोटो काढला. मग त्या बाईनं त्याला जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. पुढच्या फोटोत ती बाई आमच्यात उभी आहे, तोंड गोल.

स्वतःचा फोटो काढायची दांडीही त्यात आहे. ती फिरवली की कॅमेरा भुंग्यासारखा घुर्रर्र करतो आणि काही क्षणांनी आपणच फोटो काढतो. तेवढ्यात मामानं धावत येऊन आमच्यात उभं राहायचं. एका वर्षी ओसरीत कापूस भरला होता. मामा दांडी फिरवून धावला, उंबऱ्याला अडखळला आणि कापसात गेला. त्या फोटोत आम्ही सगळे उजवीकडे बघतो आहोत आणि उजवीकडे पांढऱ्या ढिगातून दोन पाय वर आलेले आहेत. मामाचा आमच्या घरातला सगळ्यात चांगला फोटो तोच आहे असं आईचं मत. अर्थात तो काढला जात असताना ती दूध बघायला आत गेली होती. दूध तापायला ठेवलेलंच नव्हतं.

उजेड मोजायचा काटाही त्या कॅमेऱ्यात आहे, पण त्याला लागणारा सेल बाजारातून गेला तसा तो निजला. मामानं त्यावर मतदानाची पद्धत काढली. तो आभाळाकडे बोट करायचा, ऊन कडक म्हणणाऱ्यांनी हात वर करायचे, मग ढगाळ म्हणणाऱ्यांनी. बहुमत होईल तिकडे कडं फिरायचं. आमचे हे लग्नानंतर पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी कोणाची बाजू घ्यावी म्हणून माझ्याकडे पाहिलं होतं.

मला याद्या करायची सवय आहे, आणि त्यावरून घरात माझी चेष्टा होते. गॅस बंद, नळ बंद, कुलूप, किल्ली, पाण्याची बाटली. ही सवय कोणी शाळेत लावलेली नाही. ज्या घरात प्रत्येक आनंदाच्या क्षणाआधी दहा माणसं मिळून एका गोष्टीची खात्री करून घेतात, त्या घरातली मुलगी दुसरं काय होणार? मामा रोल भरताना मला जवळ बसवायचा आणि म्हणायचा, "रोल पुढे सरकवाची दांडी ओढली तं डाव्या अंगाची चावी फिरली पायजे. नाई फिरली तं समज, तू नुस्ती दांडी ओढून राह्यली, रोल जाग्यावरच हाये." ऑफिसात काम पुढे सरकतंय असं कोणी मला सांगितलं की मी अजून मनात चावीकडे बघते.

तर पोळ्याचा पाडवा. मामामामी आठ दिवसांनी पुण्याला मुलीकडे जायचे होते. डोळ्यांचं ऑपरेशन करायचं, आणि मग बघू. 'मग बघू' म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं. वणीच्या घरातली भांडी मामीनं वाटायला काढली होती. मामेबहिणीनं मामाच्या वाढदिवसाला कुठून तरी मागवून एक रोल पाठवला होता. हल्ली तो सहज मिळत नाही. मामानं तो महिनोन्महिने वापरला नव्हता. सकाळी चहा होताच त्यानं तो सगळ्यांसमोर कॅमेऱ्यात भरला, चावी फिरते का ते मला पाहायला लावलं, आणि आईला म्हणाला, "अक्का, हा रोल तुह्या नावाचा हाये. तुह्या न भाऊजीचा फोटो काढल्याबिगर मी गाव सोडत नाई. तिकीट वापस करतो."

आई म्हणाली, "कर."

आणि ती आत गेली. आम्ही सगळ्यांनी विनवण्या केल्या. तिनं पुरणाच्या पोळ्या केल्या, वडे केले, मामाला आग्रह करकरून वाढलं, मध्येच गाणं गुणगुणली. मी तिला इतक्या खुशीत फार दिवसांत पाहिलं नव्हतं. हे काय चाललंय ते मला कळेना. मामीला कळलं. तिनं मला हात धरून मागच्या अंगणात नेलं.

"मंगल, तुह्या मामानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला," ती म्हणाली. "फोटो झाला का हे जातीन. अक्का फोटो देतच नाई. कायले देईन?"

माझ्या लक्षात आलं. इतकी वर्षं आईचा राग होता. आता राग कधीच संपला होता, पण नकार कामाला येत होता. मामा बिचारा समजत होता की, धमकी देऊन तो बहिणीला वाकवतो आहे, आणि बहीण त्याच धमकीला कवटाळून बसली होती. तिकीट खरंच परत गेलं असतं. डॉक्टरांची ठरलेली वेळ गेली असती. मामीनं हळूच सांगितलं की, मामा आता एकटा रस्ता ओलांडत नाही.

मी आडवळणानं बोलणाऱ्यातली नाही. स्वयंपाकघरात गेले आणि आईला सांगितलं की, मामाचे दोन्ही डोळे गेले तसेच आहेत, आणि आता लांबवलं तर डॉक्टरही हात टेकतील. आईनं पोळी उलटली. मग हातात उलथनं तसंच घेऊन दाराशी जाऊन उभी राहिली. मामा ओसरीत मुलांच्या लाकडी बैलाला झूल बांधत बसला होता.

"काय रे, इकडे पाय," आई म्हणाली. "माह्या हातात काय हाये?"

मामानं डोळे बारीक केले. "उलथने."

"किती?"

"दोन."

आईनं उलथनं माझ्या हातात दिलं, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "आन तो डबा."

त्यानंतर घरात जो गोंधळ झाला त्याचं नियोजन करायला मला कोणी वेळ दिला नाही. वर्षानं आईला कपाटातला शालू नेसवला. लग्नाचा फोटो आहे तर बाबांना बाशिंग हवं असं मुलांनी ठरवलं आणि लाकडी बैलाच्या कपाळावरचं बाशिंग सोडून बाबांच्या कपाळाला बांधलं. ते बाबांना अगदी बेताचं झालं, एका भुवईवर बसलं. बाबा आरशात बघून म्हणाले, "आता तं लगन झालं म्हनता येईन नं?" आई म्हणाली, "पयले फोटो येऊ द्या."

अंगणात दोन खुर्च्या मांडल्या. मागे आम्ही सगळे. मामानं कॅमेरा डोळ्याला लावला, कडं फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि खाली घेतला. पिवळ्या चौकोनात त्याला काही केल्या एक दिसेना. त्याचा चेहरा पडला.

"तुले मोजता येते का नाई?" आईनं विचारलं. "का सरकारनं फुकट साखळ्या ओढू देल्ल्या?"

मामानं कपाळावर हात मारला. कड्यावर अंतराचे आकडे कोरलेले आहेत. खिडकीतून बघायची गरजच नव्हती. मी पर्समधून शिवणाची टेप काढली. (हो, असते.) एक टोक मामीनं आईच्या नाकाला धरलं, टेप तोकडी पडली म्हणून मध्ये सुनील खूण धरून उभा राहिला, आणि मामानं कॅमेऱ्यापर्यंतचं अंतर असं मोजलं जणू खाणीची हद्द ठरते आहे. आईला नाकाला गुदगुल्या होऊन शिंक आली. पुन्हा मोजलं. मी आकडा वाचला, कडं लावलं. मग उजेडाचं मतदान. ढगाळ जिंकलं.

सुनील आणि मामी मागे येऊन उभे राहिले. मामा जागेवर गेला. आई खुर्चीतून उठली, चालत त्याच्याकडे गेली, स्वतःच्या हातानं भिंगावरचं टोपण काढलं, मुठीत घट्ट धरलं आणि परत येऊन बसली. आता विचारायचं काही उरलंच नव्हतं. आम्ही पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर तोंड मिटून, नीट हसून उभे राहिलो. मामानं श्वास धरला.

आणि ऐन वेळी आई मूठ वर करून सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली, "टोपण!"

मामा म्हणाला, "काढलं, वो अक्का." बटण तोवर दाबलं गेलं होतं. त्यानं दांडी ओढली. चावी फिरली. मी स्वतः पाहिली.

रोल नागपूरला धुवायला पाठवला आणि मामामामी ठरल्या दिवशी पुण्याला गेले. फोटो माझ्या मोबाईलवर आला तेव्हा मी ऑफिसात होते, आणि इतकी हसले की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी पाणी आणून दिलं. सुनीलचं डोकं थोडं कापलं गेलं आहे. बाबांचं बाशिंग डोळ्यावर आलं आहे. आम्ही सगळे दात काढून हसतो आहोत. एकाचंही तोंड गोल नाही, फक्त आईचं आहे. तिचा हात वर आहे आणि मुठीत काळं टोपण.

मी फोटो मोठा करून आणला. आईनं तो देवाशेजारी न लावता दाराशी लावला, येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यांदा दिसेल असा. ती त्याला लग्नाचा फोटो म्हणते.

मामाचे डोळे झाले. दोन्ही. फोनवर त्यानं मला सांगितलं की, चौकोनात आता सगळं पटकन एक होतं, मुलीच्या गॅलरीतून समोरच्या इमारतीतल्या लोकांना तो दिवसभर एक करत बसतो. फक्त भिंगावर धूळ बसते आहे, तेव्हा टोपण तेवढं पाठव. मी लगेच पाकीट आणलं, पत्ता घातला, कुरिअरवाल्याशी बोलून ठेवलं, आणि आईकडे टोपण मागितलं. ते तिच्या पदराच्या गाठीत आहे. तेव्हापासून तिथेच आहे.

"त्याले सांग," ती म्हणाली, "टोपण हरवलं नाई. धूळ लागत असंन तं डबा घेऊन येजो म्हनाव. मी लावून देईन."

मामा म्हणतो, पाठव. आई म्हणते, ये. मी दोघांनाही दर रविवारी फोन जोडून देते. मधल्या काळात माझ्या यादीतली बाकी सगळी कामं झाली: फोटोच्या प्रती वाटल्या, लाकडी बैलाला नवीन बाशिंग आणलं, टेप पर्समध्ये परत ठेवली. पाकीट पत्त्यासकट कपाटावर आहे. टोपण पुण्याला पाठवणे: बाकी.